टीव्हीचे जुने रिमोट : आठवणी, नखरे आणि एक दुरुस्तीचा प्रश्न

खटपट्या
नमस्कार मंडळी. बाबांच्या खोलीत अजून २१ इंची डब्बा टीव्ही आहे, पिक्चर ट्यूबवाला. चित्र आजही झकास येतं आणि बाबांना तोच हवाय, नव्या टीव्हीवर सगळी माणसं फुगलेली दिसतात असं त्यांचं म्हणणं. तर त्याचा मूळ रिमोट बंद पडलाय. सेल बदलून झाले. सेट टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा आहे आणि तो चालतो, पण लाईट जाऊन आली की टीव्ही आपोआप एक नंबरच्या चॅनलवर येऊन बसतो, नुसत्या मुंग्या, आणि एव्हीवर, म्हणजे सेट टॉप बॉक्सचं चित्र दिसतं त्या जागी, न्यायचं बटण फक्त मेलेल्या रिमोटवर. म्हणजे लाईट गेली की बाबांच्या सकाळच्या बातम्याही गेल्या. हा दुरुस्त होईल का, की सरळ बाजारातला घ्यावा?

आणि तो हातात घेऊन बसलोय तर त्याच्यावर काय काय बटणं आहेत! टेक्स्ट, स्लीप, आणि ते एक रेघ-दोन रेघांचं. तुमच्याकडे पहिला रिमोट कधी आला, त्याचे काय नखरे होते, तेही लिहा. वाचायला आवडेल.

चकली
दोन रेघांचं बटण!!! किती वर्षांनी आठवलं. १२ नंबर लावायचा तर आधी ते दाबायचं, मग कोपऱ्यात हिरव्या रंगात दोन रेघा यायच्या, मग १, मग २, आणि हे सगळं पटापट, नाहीतर रेघा निघून जायच्या. आजीला ते कधी जमलं नाही, ती १ दाबायची, सावकाश चष्मा सारखा करायची, मग २ दाबायची आणि दोन नंबरवर जाऊन पोचायची. शेवटी दादाने तिची सगळी आवडती चॅनल १ ते ९ मध्ये आणून बसवली आणि बाबांच्या बातम्या गेल्या विशीच्या पुढे. त्यावरून जे रामायण झालं ते वेगळंच.

गावठाण
आमच्याकडे घरातलं शेंडेफळ म्हणजे रिमोट. "ऊठ रे, आवाज कमी कर."

कोकणकडा
गावठाण, हे कोणीतरी लिहिणारच होतं, बरं झालं लवकर उरकलं :)
आमच्याकडे शेंडेफळाऐवजी आजोबांची काठी होती. टीव्हीला पुढे आठ बटणं, उभी रांग, आजोबा पलंगावरून काठीच्या टोकाने बरोब्बर हवं ते दाबायचे. नेम असा की शेजारची मुलं बघायला यायची. त्या बटणांच्या बाजूला एक छोटं झाकण असायचं, आत आठ बारीक चाकं, ट्यूनिंगची, आणि त्याला कोणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचे.

सोल्डरगन
खटपट्या, आधी हे करा. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, पुढचा असेल तर उत्तम, कारण मागच्या कॅमेऱ्यांना बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी चांगली काच असते. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करून बटण दाबा. जांभळट पांढरा दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट जिवंत आहे, दोष टीव्हीच्या डोळ्यात, म्हणजे रिमोटचा उजेड पकडणाऱ्या भागात. नाही दिसला तर रिमोट मेलाय आणि कारणं साधारण तीनच :

काही बटणं चालतात आणि काही नाही, तर रबर. आतल्या रबरी बटणांच्या खाली काळे कार्बनचे ठिपके असतात, ते घासून जातात किंवा त्यावर तेलकट थर बसतो. हाताचा घाम, जेवता जेवता चॅनल बदलणे वगैरे. स्पिरिट घेऊन कापसाने हलक्या हाताने पुसा, सर्किटवरच्या पट्ट्याही पुसा, पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. ठिपका पूर्ण गेला असेल तर चॉकलेटच्या चांदीचा तेवढाच गोल कापून चिकटवतात, तेही चालतं.

एकही बटण चालत नाही आणि रिमोट पडला होता, तर बहुतेक रेझोनेटर. दोन पायांचा, पिवळा किंवा निळा, त्यावर ४५५ लिहिलेलं असतं. आत सिरॅमिकची पातळ चकती असते, ती आपटली की तडकते. त्या ४५५ किलोहर्ट्झला बाराने भागलं की साधारण ३८ येतात, आणि त्या ३८ किलोहर्ट्झच्या ठोक्यावर तो दिवा लुकलुकतो. ठोका गेला की सगळं गेलं. अगदी स्वस्त पार्ट आहे, पाच मिनिटांचं काम.

तिसरं म्हणजे सेल फुटून स्प्रिंगवर पांढरा चुना चढलेला. खरवडा, व्हिनेगर लावून पुसा, पूर्ण सुकवा.

पडला होता का?

खटपट्या
पडलाच होता, पलंगावरून फरशीवर. दिवा बघतो आणि सांगतो.

अवलिया
आमच्याकडे रिमोट चालेना झाला की पहिला उपाय म्हणजे तळहातावर दोन थपडा. दुसरा, सेल काढून उलटसुलट करून परत घालणे. तिसरा, सेल उन्हात ठेवणे. चौथा, सेल दाताने चावणे. आणि दर वेळी काही दिवस चालायचा! हे विज्ञानाला मान्य आहे का सोल्डरगन?

सोल्डरगन
थपडा आणि उलटसुलट, हो. सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर गंजाचा पातळ थर बसतो, सेल हलला की तो खरवडला जातो आणि परत संपर्क येतो. उन्हाने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, म्हणून शेवटचे चार थेंब निघतात. चावू मात्र नका, साध्या सेलचं बाहेरचं भांडंच जस्ताचं असतं, ते आतून खाल्लं गेलेलं असतं, चेपलं की फुटतं.

मडगावकर
आमच्या घरात रिमोट टीव्हीच्या आधी आला, व्हीसीआरबरोबर. काका मस्कतला होते, सुट्टीवर येताना घेऊन आले. तिकडेही आपल्यासारखीच पाल (PAL) ही टीव्हीच्या चित्राची पद्धत, त्यामुळे वस्तू इथे आणून लावली की चालायची. पण रिमोट वायरचा! व्हीसीआरच्या पोटातून वायर निघायची ती सोफ्यापर्यंत, आणि टोकाला लांबट काळी पेटी, प्ले, पॉज, पुढे, मागे. मधून कोणी स्वयंपाकघरात जायला निघालं की सगळे एकदम ओरडायचे "वायर!!" कारण पाय अडकला की अख्खा व्हीसीआर कपाटावरून खाली. शेवटी आईने ती वायर गालिच्याखालून घेतली. पॉजचं बटण मात्र काकांच्याच हातात, भाड्याने आणलेली कॅसेट, आणि पॉज केल्यावर चित्रावर ज्या आडव्या रेघा थरथरायच्या त्या बघून आजी म्हणायची आता बंद कर, तापला असेल.

मिशिगनकाठी
मडगावकर, वायरचा रिमोट म्हणजे अगदी मूळ पुरुष. मी शिकागोच्या जवळ राहते आणि हा सगळा इतिहास इथला. झेनिथ कंपनी इथलीच. त्यांनी १९५० मध्ये वायरचाच रिमोट काढला होता, लेझी बोन्स नावाचा, आणि लोकांची तक्रारही हीच, पाय अडकतो. मग १९५५ मध्ये त्यांच्या युजीन पॉली या इंजिनियरने फ्लॅशमॅटिक केला, टीव्हीचा पहिला बिनवायरचा रिमोट. दिसायला पिस्तुलासारखा, आणि खरं तर नुसती बॅटरी, म्हणजे टॉर्च. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार डोळे, ज्या कोपऱ्यावर उजेड मारू ते काम व्हायचं. पण खिडकीतून ऊन पडलं की टीव्ही आपल्याआपण चॅनल बदलायला लागायचा.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलरचा स्पेस कमांड आला, आणि तो माझ्या मते आजवरचा सगळ्यात सुंदर रिमोट. एका जुन्या घराच्या सामानाच्या विक्रीत मी तो हातात घेतला. चांगला वजनदार. आत सेलच नाहीत! बटण दाबलं की स्प्रिंगची छोटी हातोडी सुटते आणि ॲल्युमिनियमच्या कांडीवर ठोका बसतो. चार बटणं, चार कांड्या, प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी, त्यामुळे प्रत्येकीचा आवाज वेगळ्या पट्टीतला, आणि तो आपल्या कानापलीकडचा. आपल्याला ऐकू येतो फक्त हातोडीचा "टक". टीव्हीत तो आवाज ओळखायला सहा जादा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, घालावे लागले आणि किंमत साधारण ३० टक्क्यांनी वाढली, तरी लोकांनी घेतला आणि ही आवाजाची पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत टिकली. दाबताना बोटाला जो ठोका लागतो ना, तसा आजच्या कुठल्याच रबरी बटणाला नाही.

चकली
सेलशिवाय रिमोट?! हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं.

पाटीलवाडा
मिशिगनकाठी, चार बटणांत आवाज कमी-जास्त कसा करायचे?

मिशिगनकाठी
करायचेच नाहीत :) चालू-बंद, आवाज पूर्ण बंद, चॅनल पुढे, चॅनल मागे. झेनिथच्या प्रमुखांना, मॅक्डोनाल्डना, जाहिरातींचा मनस्वी तिटकारा, म्हणून म्यूट अगदी पहिल्यापासून. आणि चॅनल बदलताना टीव्हीतली मोटर खरोखरचा नॉब फिरवायची, खडखड करत. या पद्धतीचाही नखरा होताच, किल्ल्यांचा जुडगा किंवा नाणी खुळखुळली की त्यातून नेमका तसाच आवाज निघायचा आणि चॅनल बदलायचं.

तर्ककर्कश
छोटी दुरुस्ती. टीव्हीच्या आधी रेडिओला बिनवायरचा रिमोट होता, फिल्को कंपनीचा मिस्टरी कंट्रोल, १९३९ च्या मॉडेलांबरोबर. त्याला टेलिफोनसारखी गोल तबकडी होती आणि तो चक्क रेडिओ लहरींवर चालायचा.

मिशिगनकाठी
म्हणूनच "टीव्हीचा पहिला" असं लिहिलंय हो :)

पाटीलवाडा
थोडं वेगळं मत मांडतो. रिमोट आला आणि एकत्र टीव्ही बघणं संपलं. आधी जे लागेल ते अख्खं घर बघायचं, शेतीचा कार्यक्रम सुद्धा. रिमोट आल्यावर ज्याच्या हाती तो त्याची सत्ता. आमच्या वडिलांनी तर रात्री उशीखाली घेऊन झोपायला सुरुवात केली.

तर्ककर्कश
पाटीलवाडा, खापर चुकीच्या डोक्यावर फोडताय. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ च्या २ ऑक्टोबरला, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत एकच चॅनल. रिमोट असता तरी बदललं काय असतं? १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी डिश लागल्या, त्याच वर्षी स्टार आलं, १९९२ मध्ये झी, आणि तेव्हा रिमोटला काम मिळालं. एकत्र बघणं संपवलं असेल तर ते केबलने.

पाटीलवाडा
केबलने पदार्थ वाढले हे मान्य. पण उठून नॉब फिरवायचा असता तर माणूस जाहिरात लागली की पळाला नसता. बसल्या जागी जमतंय म्हणून बोट शिवशिवतं. आमच्याकडे एकाच वेळी दोन पिक्चर आणि एक मॅच चालायची आणि कुठल्याचाच शेवट कोणाला कळायचा नाही.

नीलमोहर
मी सहसा वाचनमात्र असते पण इथे लिहावंसं वाटलं. आमच्याकडे रिमोट आला तो आईच्या आजारपणामुळे. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली होती, दिवसभर पलंगावर, आम्ही सगळे शाळा-ऑफिसात. शेजारच्या काकू मधून मधून डोकवायच्या. टीव्ही लावून गेलो की तोच लागून राहायचा, नको असला तरी, आवाज जास्त असला तरी, ती उठून बंद करू शकत नव्हती. बाबांनी जुना टीव्ही काढून रिमोटवाला घेतला तेव्हा नातेवाईकांनी बरंच ऐकवलं, घरात आजारपण आणि यांना चैन सुचते म्हणून. बाबांनी रिमोटच्या चालू-बंद, आवाज आणि चॅनलच्या बटणांवर नेलपॉलिशचे ठळक ठिपके दिले, डाव्या हाताने चाचपून कळावेत म्हणून चांगले जाड. पहिल्या दिवशी तिने दुपारभर तो टीव्ही नुसता चालू केला आणि बंद केला. तिला बघायचं काही नव्हतंच. स्वतःच्या हाताने काहीतरी बंद करता येतंय, एवढंच.

त्यामुळे रिमोटने माणसं आळशी झाली असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

पाटीलवाडा
नीलमोहर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझा मुद्दा मी तसाच ठेवतो, पण आळशीपणाचा शब्द मी तरी वापरणार नाही.

कोकणकडा
नेलपॉलिशचे ठिपके __/\__ तुमच्या बाबांना नमस्कार.

गावठाण
शेजाऱ्याचा टीव्ही आपल्या रिमोटने चालवणारे कोणी आहे का इथे? ठाण्याला आमची आणि समोरच्या इमारतीतल्या एका काकांची टीव्हीची कंपनी एकच निघाली. मधे अरुंद गल्ली, दोन्हीकडे खिडक्या सताड उघड्या. १९९८ ची शारजाची मॅच, सचिन खेळतोय, अख्खी सोसायटी श्वास रोखून, आणि माझा मोठा भाऊ पडद्याआड उभा राहून त्यांचा आवाज बंद करतोय. काका उठून आवाज वाढवायचे, बसायचे, हा परत बंद. काकांनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकने ड्राय सोल्डर आहे, म्हणजे आतला जोड सैल झालाय, असं सांगून पैसे घेतले.

चकली
मेलेय हसून. ड्राय सोल्डर!!

सोल्डरगन
याचं कारण असं की रिमोटच्या संदेशात हा अमुकच सेट असं काही नसतं, टीव्ही या प्रकारच्या वस्तूचा किंवा त्या कंपनीचा पत्ता असतो फक्त. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत तर टीव्हीचा पत्ता सरळ शून्य. ती पद्धत वापरणारे बाकीच्या कंपन्यांचे सेटही त्याच पत्त्यावर चालायचे. म्हणून एका कंपनीचा रिमोट भलत्याच कंपनीच्या टीव्हीवर चालायचा.

त्याच पद्धतीत एक फार हुशारीची गोष्ट आहे. संदेश १४ बिटचा (बिट म्हणजे ० किंवा १), आणि त्यातला एक बिट दर वेळी बोट उचलून परत दाबलं की पालटतो. त्यावरून टीव्हीला कळतं की तुम्ही १ दाबून धरलाय की दोनदा १ दाबलाय. त्याशिवाय ११ नंबर लावणंच अवघड. चकलीच्या आजींच्या रेघांनंतरचं सगळं गणित या एका बिटावर.

नर्मदातीर
आमच्या घरात एक अजब प्रकार होता. संध्याकाळी दिवे लावले की रिमोट चालायचा नाही, दिवसा ठणठणीत. आई म्हणायची सांजवेळी टीव्ही लावू नये हेच तो सांगतोय. पुढे कळलं की बाबांनी नवीन सीएफएल दिवा लावला होता तो बरोब्बर टीव्हीच्या समोर.

सोल्डरगन
बरोबर पकडलंत. त्या दिव्यांतलं इलेक्ट्रॉनिक चोक रिमोटच्याच आसपासच्या वेगाने दिवा लुकलुकवतं, डोळ्याला दिसत नाही पण टीव्हीच्या डोळ्याला दिसतं. भर बाजारात कोणी कानात कुजबुजावं तशी त्याची गत होते.

अवलिया
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबरबँड लावलेले रिमोट कोणाकोणाकडे होते? आमच्याकडे नवीन टीव्ही आला की पहिलं काम ते. काही वर्षांनी पिशवी काढली तर आत रिमोट कोरा करकरीत आणि टीव्ही भंगारात.

कोकणकडा
सगळ्यांकडे. आणि ती पिशवी काढायला निघालं की आईचं "राहू दे, धूळ जाते". आमच्या गावी मिठाची हवा, पिशवी होती म्हणून टिकले, यात मी आईच्या बाजूने आहे.

मडगावकर
केबलवाल्याचा कन्व्हर्टर विसरलात सगळे. आमचा नॉबवाला टीव्ही होता, त्यात बाराच चॅनल मावायची, आणि केबलवर त्याहून कितीतरी जास्त. मग तो चपटा डबा टीव्हीवर ठेवायचा, टीव्ही एका चॅनलवर कायमचा लावून टाकायचा आणि पुढचं सगळं डब्याच्या रिमोटवर. म्हाताऱ्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला रिमोट! आवाजासाठी मात्र उठायचंच.

खटपट्या
रिपोर्ट देतो. कॅमेऱ्यात दिवा दिसत नाही, कुठल्याच बटणाला. उघडला तर तो पिवळा ४५५ वाला एका पायाने सुटल्यासारखा हलतोय. सोल्डरगन, तुम्ही न बघता बरोबर सांगितलंत.

सोल्डरगन
नुसता पाय सुटला असेल तर आधी परत सोल्डर करून बघा. नाही चालला तर पार्टच बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मिळून जाईल. डुप्लिकेट रिमोटही तिथेच मिळतील, जुना बरोबर न्या आणि दुकानात मागची पाटी दाखवा, नुसतं कंपनीचं नाव सांगून काम होणार नाही, एकाच कंपनीने वेगवेगळे चिप वापरलेले असतात.
आणि तोपर्यंत एक करून बघा. टीव्हीच्या पुढच्या पॅनलवर चॅनल मायनस दाबत सगळ्यात खालच्या नंबरवर जा, आणि अजून एकदा मायनस दाबा. बऱ्याच सेटमध्ये त्याखाली एव्ही असतं.

खटपट्या
आलं!!!! ० च्या खाली एव्ही! बाबांना दाखवलं, त्यांनी स्वतः तीनचारदा करून बघितलं आणि आता म्हणतात रिमोट आणूच नकोस, हे सोपंय. पार्ट मात्र मी आणणार, तो चालू झालेला बघायचाय.

नीलमोहर
वा! आणि रिमोट झाला की त्यावर नेलपॉलिश लावा.

सोल्डरगन
सगळ्यांना एक विनंती. जुने मेलेले रिमोट कचऱ्यात टाकू नका. एकाच्या रबराने दुसरा जगतो, रेझोनेटर, दिवे, स्प्रिंगा सगळं कामाला येतं. मी शाळेतल्या मुलांना सोल्डरिंग शिकवतो त्यासाठी मला हवेच असतात.

मडगावकर
माझ्याकडे खोकंभर आहेत. निरोपातून पत्ता कळवा, सोमवारी पार्सल करतो. व्हीसीआरचा तो वायरवाला पण टाकू का?

सोल्डरगन
टाका टाका! फक्त वायर कापू नका, गुंडाळून पाठवा.